कुत्र्यांमागे चालणाऱ्याची रायफल

डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी बर्डी माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर आली. चार वर्षांची प्लॉट जातीची कुत्री, तपकिरी अंगावर काळे पट्टे. आपल्याकडे या रंगाच्या कुत्र्याचं नाव हमखास वाघ्या ठेवतात. तिचा डावा पुढचा पाय खांद्याखाली लोंबत होता. अस्वलाने जखमी केलेली कुत्री मी दर हंगामात पाहतो. पंजाची जखम लांब आणि फाटकी असते. चाव्याची जखम बाहेरून लहान दिसते, पण आत मांस चुरडलेलं असतं. बर्डीची जखम या दोन्हींत बसत नव्हती. आतल्या बाजूला बोट जाईल एवढं भोक होतं आणि बाहेरच्या बाजूने दंडाच्या हाडाच्या चिपा दिसत होत्या.

"डॉक, अस्वलाने नाही केलं हे," तिचे मालक म्हणाले. "माझीच गोळी आहे."

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो आणि आता बरीच वर्षं अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शेनांडोआ खोऱ्यात माझा दवाखाना आहे. गाईगुरं, घोडे, घरची कुत्रीमांजरं हा रोजचा व्याप. हिवाळ्यात त्यात शिकारी कुत्र्यांची भर पडते. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत, डोंगरांत काळी अस्वलं आहेत आणि कुत्र्यांनिशी अस्वलामागे जाणं हा इथल्या काही घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे. रविवारी कुत्री घेऊन अस्वलाची शिकार करायला राज्याची बंदी आहे. त्यामुळे आठवड्याची सगळी हौस शनिवारी भागवली जाते आणि शनिवारची संध्याकाळ माझ्यासाठी सर्वांत गर्दीची असते.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. आपल्याकडची अस्वलं आणि त्यांची जंगलं दोन्ही आक्रसत गेली आहेत. इथलं चित्र उलटं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियात काळं अस्वल दुर्मीळ झालं होतं. जंगल परत वाढलं, शिकारीवर कडक नियम आले आणि अस्वलं परत फिरली. आज ठरलेला हंगाम, परवाना, एका शिकाऱ्याला एक अस्वल, शंभर पौंडांखालचं मारायचं नाही, पिल्लं सोबत असलेली मादी मारायची नाही, असे नियम आहेत. ज्यांना तरीही हे पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे होणारच असेल, तर त्यात कुत्री आणि अस्वल या दोघांच्या वाट्याला कमीत कमी हाल यावेत, यासाठी माणसाने हातात काय धरावं?

बर्डीच्या मालकांनी नेमका हाच प्रश्न मला विचारला, तिचा पाय खांद्यातून काढून टाकल्यावर आठवड्याने. हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने आणि नाव न घेता लिहितो आहे. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर मालमोटार चालवलेली, कुत्र्यांवर पोटच्या पोरांसारखी माया. ते मला 'डॉक' म्हणतात, मी त्यांना आडनावाआधी 'मिस्टर' लावून हाक मारतो.

गोळी कुत्रीला कशी लागली, ते समजायला ही शिकार कशी चालते ते आधी सांगायला हवं.

पहाटे जंगलातल्या कच्च्या रस्त्याने गाडी हळूहळू चालवतात. गाडीच्या मागच्या पिंजऱ्यावर एक मुरलेला कुत्रा बांधून उभा केलेला असतो. रात्रीतून अस्वल रस्ता ओलांडून गेलं असेल तर त्याला चालत्या गाडीवरून वास लागतो आणि तो गळा काढतो. मग त्याला मागावर सोडायचं, पाठोपाठ आणखी चार-पाच. प्रत्येकाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. हातातल्या छोट्या पडद्यावर कोण कुठे आहे, पळतोय की एका जागी उभा राहून भुंकतोय, सगळं दिसतं. माझे आजोबा कारवानी कुत्री पाळायचे. कारवानी नजरेवर पळतो, ससा डोळ्यांआड झाला की त्याचं काम संपतं. प्लॉट नाकावर पळतो. अस्वल तीन डोंगर ओलांडून गेलं तरी तो माग सोडत नाही. ही जात अठराव्या शतकात जर्मनीहून आलेल्या प्लॉट कुटुंबाने शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात वाढवली, आणि १९८९पासून ती त्या राज्याची अधिकृत कुत्र्याची जात आहे.

पाठलागाचा शेवट दोनपैकी एका रीतीने होतो. एक, अस्वल झाडावर चढतं आणि कुत्री बुंध्याशी भुंकत राहतात. दोन, अस्वल चढत नाही. एखाद्या खडकाला किंवा पडलेल्या ओंडक्याला पाठ लावून जमिनीवरच उभं राहतं आणि कुत्री त्याला गराडा घालतात. मोठे, अंगाने जड नर बहुधा दुसरा मार्ग धरतात. आणि ते जागा निवडतात ती ऱ्होडोडेंड्रॉन आणि लॉरेल या झुडपांच्या जाळीतली. इथली जुनी माणसं या जाळ्यांना 'लॉरेलचा नरक' म्हणतात. करवंदाच्या जाळीत शिरल्याची ज्यांना आठवण आहे त्यांनी काटे वजा करून डोक्याएवढी उंची मिळवावी. चार हातांवरचं दिसत नाही.

त्या शनिवारी हा दुसरा प्रकार झाला होता. दोनशे पौंडांच्या आसपासचा नर, ओढ्याकाठी ओंडक्याला पाठ लावून उभा, भोवती पाच कुत्री. मिस्टर सहा-सात पावलांवर पोचले. अस्वलाची बाजू समोर आली, त्यांनी खांद्यामागे नेम धरून चाप ओढला. अस्वल जागीच बसलं. आणि त्याच क्षणी पलीकडून बर्डी किंचाळली. ती ओंडक्यावर चढून मागच्या बाजूने येत होती, अस्वलाच्या अंगाआड. गोळी अस्वलाच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्यांतून आरपार गेली आणि तिच्या दंडात शिरली.

त्यांच्या हातात आखूड नळीची लिव्हर रायफल (चापाखालचा दांडा हलवून भरायची) होती, .४५-७० काडतुसाची. हे काडतूस अमेरिकन सैन्यासाठी १८७३ साली निघालं. नावातला पहिला आकडा गोळीचा व्यास, इंचाचे शंभरावे भाग. दुसरा आकडा मूळच्या काळ्या दारूचं वजन, ७० ग्रेन. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमहून थोडी जास्त. आजच्या पोलादी रायफलीत तेच काडतूस कितीतरी जोरात भरता येतं. त्यांनी घेतलेलं काडतूस तसंच होतं: कठीण ओतीव शिशाची, चपट्या नाकाची गोळी. अलास्कात तपकिरी अस्वल अंगावर आलं तर जीव वाचवायला लोक अशी गोळी बाळगतात. ती अंगात शिरल्यावर पसरून फुलत नाही, मोडत नाही, समोर जे येईल त्यातून सरळ जाते. चारशे किलोच्या जनावराची कवटी आणि खांदा फोडायला ती बनवली आहे. इथल्या नव्वद किलोच्या काळ्या अस्वलात तिची निम्मी ताकदही खर्ची पडत नाही. उरलेली पलीकडे जाते.

"मला वाटलं, मोठी गोळी म्हणजे अस्वल पटकन मरेल आणि कुत्री वाचतील," ते म्हणाले. त्यांचा विचार वावगा नव्हता. जखमी अस्वल कुत्र्यांमध्ये सापडलं तर काय होतं ते मी टाके घालताना पाहिलं आहे. पण कुत्र्यांमागे चालणाऱ्याला गोळीकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात ओढतात. गोळी हृदयाफुप्फुसांपर्यंत नक्की पोचली पाहिजे, आणि तिथून फार पुढे जाता कामा नये.

त्यांना आता दुसरी रायफल घ्यायची होती. लिव्हर रायफलच हवी यावर ते ठाम होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चापाखालचा दांडा खाली-वर केला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस नळीत जातं आणि घोडा चढतो. यंत्रणा चपटी असते. बाजूला बोल्टची मूठ नाही, खाली पेटीसारखं मॅगझिन नाही, त्यामुळे जाळीत काही अडकत नाही आणि वजनाच्या मधोमध एका हाताच्या मुठीत रायफल धरता येते. दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी असते, हे विसरून चालत नाही. घोडा बाहेर, उघड्यावर असतो. बंदूक चढवलेली आहे की उतरवलेली, हे बरोबरच्या माणसाला पाच पावलांवरून दिसतं. मला यातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. चार माणसं आणि सहा कुत्री एका झाडाखाली गोळा होतात तेव्हा एकमेकांच्या बंदुकीची अवस्था डोळ्यांना दिसणं म्हणजे अर्धी सुरक्षितता. शिवाय त्यांची पंधरा वर्षांची नात यंदापासून बरोबर जाणार होती आणि ती डावखुरी. बोल्ट-रायफल (बाजूची मूठ मागेपुढे ओढून भरायची) बहुतेक उजव्या हाताची. लिव्हरचा दांडा मात्र मध्यावर, दोन्ही हातांना सारखाच.

मग काडतूस कोणतं?

त्यांच्या मित्रमंडळींत मतांचा तुटवडा नव्हता. एकाने .३५७ मॅग्नम सुचवलं, हलकं आणि नातीला झेपणारं. मी नको म्हणालो. १५८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅमची गोळी चांगल्या कोनातून मारणाऱ्या शांत हाताला पुरते. पण अस्वलाचा खांदा आड आला, कोन बिघडला, की हातात काही शिल्लक राहत नाही. अस्वलाला चरबी जाड आणि केस दाट. लहान भोक चरबीने बुजतं, रक्त केसांत जिरतं, खाली माग पडत नाही, आणि मग जखमी जनावर रात्रभर जाळीत. इथला कायदा .२३ किंवा त्याहून मोठ्या व्यासाची कोणतीही रायफल चालेल म्हणतो. कायद्याची किमान मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे.

दुसऱ्याने .३५ रेमिंग्टनची शिफारस केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं काडतूस, २०० ग्रेनची मऊ नाकाची गोळी, सेकंदाला साधारण ६३० मीटर. काळ्या अस्वलासाठी याहून नेमकं काडतूस शोधून सापडणार नाही. अडचण दुकानात आहे. नव्या रायफली या काडतुसात फारशा निघत नाहीत आणि काडतुसं कधी मिळतात, कधी महिनोन्‌महिने मिळत नाहीत. सराव करायला जे मिळत नाही ते नातीच्या हातात देऊ नये.

उरली दोन. .३०-३० आणि .४४ मॅग्नम.

.३०-३० म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण घरातल्या भिंतीवरची रायफल. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी १८९४चं मॉडेल रचलं आणि पुढच्या वर्षी बिनधुराच्या दारूचं हे काडतूस त्यात आलं. त्या मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. मार्लिनची ३३६ त्याच काडतुसाची, १९४८पासूनची. १७० ग्रेनची चपट्या मऊ नाकाची गोळी, अकरा ग्रॅम, वेग सेकंदाला ६७० मीटर. (नाक चपटं का, तर या रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागोमाग एक बसतात. टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकेल आणि धक्क्याने ती पेटेल. अलीकडे रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या आल्या आहेत, त्या मात्र चालतात.) मिस्टरांच्या वडिलांचीही हीच होती, आणि मन तिकडेच ओढत होतं.

.४४ मॅग्नम मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस, १९५०च्या दशकाच्या मध्यातलं. रिव्हॉल्व्हरमधून २४० ग्रेनची गोळी जेवढ्या वेगाने जाते त्याहून रायफलीच्या लांब नळीतून बरीच जोरात सुटते, साधारण सेकंदाला ५३० ते ५४० मीटर. ऊर्जेचा हिशेब केला तर .३०-३० थोडी वर आहे: ती अडीच हजार ज्यूलच्या जवळ, ही सव्वादोन हजारांच्या. फरक अंतरात आहे. शंभर मीटरच्या पुढे .४४ लवकर दमते, .३०-३० दीडशे मीटरवर हरिण मारते. पण कुत्र्यांनी अडवलेलं अस्वल शंभर मीटरवर कधीच नसतं. पाच ते तीस पावलं, एवढीच या शिकारीची रुंदी. त्या अंतरात दोघींत निवड करायला आकडे उपयोगाचे नाहीत असं मला वाटलं.

म्हणून आम्ही स्वतः पाहायचं ठरवलं. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे दोन दिवस पाण्यात भिजत घातले, मिस्टरांच्या घरामागच्या खाणीत मुरमाच्या कड्यासमोर एकामागे एक रचले आणि दहा पावलांवरून एकेक गोळी मारली. ओला कागद म्हणजे अस्वल नव्हे. बरगडी नाही, कातडी नाही, फुप्फुसातली हवा नाही. पण एकाच कागदात मारलेल्या गोळ्यांची आपापसात तुलना करता येते. कठीण शिशाची .४५-७०ची गोळी सगळी रांग पार करून मुरमात गेली. आम्ही ती शोधली नाही. .३०-३०ची मऊ गोळी आणि .४४ची मऊ नाकाची २४० ग्रेनची गोळी जवळजवळ एकाच जागी थांबल्या, दोन्ही फुललेल्या. मिस्टर बराच वेळ त्या दोन गोळ्या तळहातावर घेऊन उभे होते.

मग त्यांच्या खिशातून तिसरी निघाली: .४४चीच, पण पोकळ नाकाची, रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली. दुकानातल्या पोऱ्याने "हीच जास्त फुलते" म्हणून दिलेली. ती पहिल्याच गठ्ठ्यात फुटून तिचे तुकडे झाले. रिव्हॉल्व्हरच्या वेगाला फुलावी म्हणून बनवलेली गोळी रायफलीच्या वेगाला तग धरत नाही. ती अस्वलाच्या खांद्यावर बसली असती तर ताटाएवढी वरवरची जखम झाली असती आणि फुप्फुसं शाबूत राहिली असती. म्हणजे एकाच रायफलीत, एकाच व्यासाची, एकाच वजनाची गोळी. एक काम करणारी, दुसरी अनर्थ करणारी. माणसं काडतुसाच्या आकड्यावर रात्ररात्र वाद घालतात आणि डब्यावर गोळीची जात काय लिहिली आहे ते वाचत नाहीत.

शिशाच्या विषाचा मुद्दा मीच काढला. मऊ गोळीचे बारीक कण जखमेभोवती पसरतात. क्ष-किरणाच्या चित्रात ते बर्फ भुरभुरल्यासारखे दिसतात. तेवढं मांस कापून कुत्र्यांना घालण्याची इथे पद्धत आहे, आणि जंगलात टाकलेली आतडी गरुड खातात. डॉक्टर म्हणून मला पूर्ण तांब्याची गोळी आवडली असती. पण तांब्याची गोळी वजन न गमावता खोल जाते, आणि नेमकं तेच आम्हाला नको होतं. इथे मी माझी आवड बाजूला ठेवली. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून खोल पुरायचं, कुत्र्यांना द्यायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं.

शेवटी .४४ ठरली, मार्लिनच्या १८९४ मॉडेलची जुनी रायफल. कारणं घरगुती आहेत. तिची यंत्रणा .३०-३०पेक्षा आखूड, वजन तीन किलोच्या आत, दांडा कमी हलवावा लागतो. धक्का सौम्य. नातीने पहिल्या दिवशी वीस गोळ्या मारल्या आणि एकविसावी मागितली; .४५-७०ची तिने दोन मारून खांदा चोळला होता. एक काळजी घ्यावी लागली. या जुन्या मार्लिनच्या .४४ नळीत गोळीला गिरकी देणारे आतले आटे ३८ इंचांत एक फेरा घेतात. एवढ्या सावकाश फेऱ्यात तीनशे ग्रेनच्या वरच्या लांब गोळ्या नीट स्थिर होत नाहीत. म्हणून २४० ग्रेन, मऊ नाक, आणि दुसरं काही खिशातही ठेवायचं नाही.

दुर्बीण लावली नाही. जाळीतल्या अंधारात, पाच पावलांवर, दुर्बिणीत नुसते काळे केस दिसतात. नेम धरायला मागे मोठ्या छिद्राची खूण, पुढे नळीच्या टोकाला जाड पांढरी माशी, झालं.

हे सगळं झाल्यावर मी त्यांना जे सांगितलं ते त्यांना आवडलं नाही. मी म्हणालो, ही रायफल त्या शनिवारी तुमच्या हातात असती तरी बर्डीचा पाय कदाचित गेलाच असता. बरगड्यांच्या मधून गेलेली मऊ गोळीसुद्धा नव्वद किलोच्या अस्वलातून पलीकडे जाऊ शकते. गोळी बदलून धोका कमी होतो. कुत्री आड असताना चाप न ओढण्याला पर्याय नाही. ते काही बोलले नाहीत. टोपी काढून परत घातली. नंतर नातच म्हणाली, "मग ठरवूया ना, केव्हा मारायचं नाही ते."

माझ्या टेबलावर बसून आम्ही तिघांनी ते ठरवलं.

चालताना नळी रिकामी, काडतुसं फक्त मॅगझिनमध्ये. लिव्हर रायफलीत नळी भरायला दांड्याचा एक हेलकावा पुरतो, तेवढा वेळ कायम मिळतो. उलट भरलेल्या नळीवरचा चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवणं, गारठलेल्या ओल्या हाताने, ही या रायफलीतली सर्वांत वाईट घटका. ती येऊच द्यायची नाही.

अस्वल झाडावर असेल तर गोळीआधी प्रत्येक कुत्रा साखळीला, आणि साखळी चढाच्या बाजूच्या झाडाला, बुंध्यापासून तीस पावलं लांब. नावं घेऊन मोजायचे. सगळे सापडले नाहीत तर थांबायचं. काही जण अस्वल पडल्यावर कुत्री मुद्दाम सोडतात, त्यांना 'बक्षीस' म्हणून. मला ते अजिबात मान्य नाही. पडलेलं अस्वल मेलेलं आहे हे कळायला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत झालेल्या जखमा मी शिवतो.

कोनाबद्दल मी कागदावर चित्र काढून दाखवलं. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून सरळ वर मारलं तर छातीचं हाड आणि पुढच्या पायांचे जाड स्नायू आड येतात, फुप्फुसांचा फार छोटा भाग रेषेत राहतो, आणि चुकलेल्या गोळीमागे फक्त आकाश असतं. रायफलीची गोळी एक मैलाहून लांब जाऊन कुठेतरी पडतेच. हे डोंगर उभ्या चढाचे आहेत, त्याचा फायदा घ्यावा. झाडापासून वर चढून उभं राहिलं की अस्वल जवळजवळ डोळ्यांच्या पातळीत येतं. कोन सपाट होतो, खांद्यामागची जागा नीट दिसते आणि पलीकडे समोरच्या डोंगराची माती असते. मिस्टर चाळीस वर्षं शिकार करत होते. चित्राकडे पाहत ते म्हणाले, "डॉक, मी कायम खालीच उभा राहिलो."

आणि अस्वल जमिनीवर असेल तर? तिथे कुत्री बांधता येत नाहीत. जवळ जाऊन पकडायला गेलं तर कुत्र्यांना वाटतं मालक आला, ती आणखी जोराने आत घुसतात आणि तेव्हाच मार खातात. नियम एकच: वरच्या बाजूने, नळी उतरती, गोळी जमिनीत जाईल अशी, आणि पाचही कुत्री अस्वलाच्या अलीकडे डोळ्यांना दिसत असतील तरच. असं जुळून येणं दुर्मीळ आहे हे तिघांनाही माहीत होतं.

पुढचा हंगाम आला. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे कुत्र्यांच्या सरावाचा हंगाम असतो, अस्वलाला झाडावर चढवायचं आणि न मारता परत यायचं. तीन पायांची बर्डी त्यात धावली नाही, पण गाडीवर उभी राहून वास सांगायचं काम तिने घेतलं. नाक शाबूत होतं.

डिसेंबरात पहिल्या झाडावर मादी निघाली, वरच्या फांदीला दोन पिल्लं. कुत्री ओढून नेली. दुसऱ्या शनिवारी जाळीत मोठा नर अडला. मिस्टर वरच्या बाजूने पोचले, आठ पावलांवर. नळी भरली, घोडा चढला. चार कुत्री दिसत होती, पाचवा दिसत नव्हता. त्यांनी मला नंतर सांगितलं, दहा मिनिटं ते तसेच उभे होते, हात थरथरायला लागेपर्यंत. पाचवा अस्वलाच्या पाठीमागेच होता, फक्त आवाज येत होता. मग अस्वलाने जाळी फोडली आणि ओढा ओलांडून निघून गेलं. त्या संध्याकाळी दोन कुत्री माझ्याकडे आली, एकीला सात टाके, दुसऱ्याचा कान फाटलेला. मिस्टर चिखलाने माखलेले, आणि वर्षभरात मी त्यांना एवढं मोकळं पाहिलं नव्हतं.

नातीला तिचं अस्वल जानेवारीच्या आधी मिळालं. ओकच्या झाडावर, कुत्री बांधलेली, सहाही मोजलेली, ती चढावर पंचवीस पावलांवर. एक गोळी. अस्वल फांदीवरून सुटलं ते हालचाल न करता पडलं. सोलताना गोळी पलीकडच्या कातडीखाली अडकलेली सापडली, फुललेली. एका अस्वलावरून काडतुसाची ग्वाही देता येत नाही, आणि मी देत नाही. मी गेलो होतो ते कुत्र्यांसाठी, पण तिने अस्वलाच्या जबड्यातून सुळ्यामागचा छोटा दात कसा काढायचा ते विचारलं म्हणून तिथेच थांबलो. मारलेल्या प्रत्येक अस्वलाचा हा दात राज्याच्या वन्यजीव खात्याला पाठवावा लागतो. दाताच्या मुळाचा काप घेऊन, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वलयं मोजून ते वय काढतात.

तिने दात पाकिटात घातला, पाकिटावर जिल्हा आणि तारीख लिहिली. "डॉक, तुम्हाला किती वर्षांचा वाटतो?" मी दाढांची झीज पाहून सहा-सात म्हणालो. तिचे आजोबा नऊ म्हणाले. खात्याचं उत्तर अजून यायचं आहे.